पाचशे रुपयांतली धार

पिकलेला टोमॅटो सुरीखाली दबतो, साल सुरकुतते, आणि शेवटी टोक खुपसून भोक पाडावे लागते. बहुतेक घरांत सुरी बोथट झाल्याचे याच वेळी ध्यानात येते. मग ती ओट्याच्या कडप्प्यावर खसाखस घासली जाते. कडप्पा हा चुनखडीचा दगड, पोलादापेक्षा पुष्कळ मऊ. त्याच्या कडेवर सुरीचे वाकलेले काठ थोडेफार सरळ होतात, नवी धार काही तयार होत नाही. पाटा त्या मानाने बरा, कारण तो काळ्या पाषाणाचा. पण टाकी लावलेल्या खडबडीत पाट्यावर घासलेल्या सुरीची धारही तशीच ओबडधोबड येते.

यातून पुढे जायचे ठरवले की दुसरीच अडचण उभी राहते. बाजारात दगड, हिऱ्याच्या पट्ट्या, कोन धरून देणारे सांगाडे, चामड्याचे पट्टे, रंगीबेरंगी पॉलिशच्या वड्या यांची एवढी गर्दी आहे की शंभर रुपयांपासून दहा हजारांपर्यंत काहीही घेता येते. नवशिक्याचा पैसा बहुधा चुकीच्या टोकाला खर्च होतो. तो आरशासारखी चकाकी देणारा सहा हजार नंबरचा दगड घेतो आणि धातू कापणारा साधा दगड घ्यायचा राहतो. किंवा आधी महागडा पट्टा घेतो आणि बोथट सुरी त्यावर तासभर घासत बसतो. पाचशे रुपयांच्या आसपास सगळे काम होते. मात्र कोणते साधन कशासाठी, हे आधी कळायला हवे.

धार जाते म्हणजे काय होते

पात्याच्या दोन बाजूंचे उतार जिथे एकमेकांना भेटतात ती रेषा म्हणजे धार. ही रेषा जितकी अरुंद, तितकी सुरी धारदार. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो; दाढीच्या नव्या ब्लेडच्या धारेची रुंदी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. स्वयंपाकघरातल्या सुरीला एवढी बारीक धार लागत नाही, पण एक-दोन मायक्रॉनची असली तरी टोमॅटो निमूट कापला जातो.

ही बारीक रेषा तीन तऱ्हांनी बिघडते. ती एका बाजूला वळते, झिजून गोल होते, किंवा तिचे बारीक टवके उडतात. मऊ वस्तू कापूनही हे घडते. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असलेल्या पोलादी ब्लेडचेही दाढी करताना टवके उडतात. केस वाकतो, ब्लेडवर तिरका दाब येतो आणि धारेतला एखादा कच्चा बिंदू निखळतो. आपल्या घरी त्यात ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचे ताट आणि काचेचा कटिंग बोर्ड यांची भर पडते. शिवाय लिंबू, कैरी, चिंच असली आंबट वस्तू कापून सुरी तशीच ठेवली, तर साध्या लोखंडी पात्याच्या धारेवर आधी गंज चढतो.

नुसती वळलेली धार सरळ करता येते. झिजून गोल झालेली मात्र सरळ करून भागत नाही. दोन्ही बाजूंनी धातू काढून रेषा नव्याने घडवावी लागते. हे काम दगडच करू जाणे.

आधी सुरी ओळखा

पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापात मोजतात. आपल्याकडच्या नेहमीच्या स्टेनलेस सुऱ्या या मापावर साधारण ५२ ते ५६ भरतात, चांगल्या जर्मन सुऱ्या ५६ ते ५८, आणि जपानी पद्धतीच्या सुऱ्या ६० किंवा त्याहून वर. मऊ सुरीची धार लवकर जाते खरी, पण लवकर लागतेही. म्हणून शिकण्यासाठी शे-दीडशेची सुरीच उत्तम. तिच्यावर कोन चुकला, ओरखडे उठले, तरी काही बिघडत नाही. महागडी जपानी सुरी भेट म्हणून आली असेल तर ती महिना-दोन महिने कपाटातच राहू द्या.

लोहाराकडून घेतलेले विळे-कोयते पुष्कळदा ट्रकच्या पाट्याच्या पोलादाचे असतात. ते दगडाला छान दाद देतात, फक्त वापरून झाले की पुसून ठेवावे लागतात. पावाची करवती सुरी सपाट दगडावर घासू नये; तिचे दाते जातात. सिरॅमिकच्या पांढऱ्या सुरीला हिऱ्याखेरीज काही चालत नाही.

पहिला दगड

हार्डवेअरच्या दुकानात ‘कार्बोरंडमचा दगड’ मागितला की करड्या-काळ्या रंगाची, दोन बाजूंची वीट पुढे येते. जुन्या मराठीत धारेच्या दगडाला निसणा म्हणतात. सुतार-लोहारांच्या घरी तो शब्द अजून कानावर येतो. या विटेतला पदार्थ सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेतल्या एडवर्ड ॲचिसनला १८९१ साली तो सापडला तो कृत्रिम हिरा बनवण्याच्या खटपटीत. चिकणमाती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवले, हिरा काही मिळाला नाही, पण कुरुंदाहून कठीण असे चकाकणारे स्फटिक हाती आले. भारतात घासकाम करणाऱ्या चाकांचा आणि दगडांचा धंदा रुजला त्याचा एक धागा आपल्या उरणजवळच्या मोरा गावात आहे. ग्राइंडवेल या कंपनीने १९४१ मध्ये तिथे कारखाना काढला. पुढे ती ग्राइंडवेल नॉर्टन झाली. चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ ची. ही पार्श्वभूमी सांगायचे कारण एवढेच की हा दगड आयातीची चैन नाही. तो तालुक्याच्या गावीही मिळतो आणि बहुधा दोन-अडीचशे रुपयांच्या आत मिळतो.

घेताना लांबी बघा. आठ इंच लांब आणि दोन इंच रुंद दगडावर सुरी मोकळेपणी फिरते. चार इंची, खिशात मावणारा तुकडा स्वस्त पडतो, पण त्यावर कोन धरणे नवशिक्याला जड जाते. दगड टेबलावर ठेवून डुगडुगतो का पाहा, त्यावर पट्टी उभी धरून मध्ये खळगा आहे का पाहा. विटेची एक बाजू भरड, साधारण १२० नंबरची, दुसरी २४० ते ३२० ची असते. अगदी बोथट, टवके उडालेल्या सुरीला भरड बाजू लागते. एरवी बारीक बाजूपासूनच सुरुवात करावी.

थोडे जास्त पैसे असतील तर ४०० आणि १००० अशा दोन बाजूंचा पाण्याचा दगड घ्यावा. हे दगड बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कृत्रिम कुरुंदाचे असतात. त्यांवर काम हलके आणि गुळगुळीत होते. घरगुती सुरीसाठी १००० च्या पुढचा दगड लागतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. किंबहुना टोमॅटो, मिरची, कोथिंबीर यांना थोडी दातेरी धारच मानवते. अतिगुळगुळीत धार सालीवरून घसरते.

पाणी की तेल, हा वाद जुना आहे. दोन्ही चालते. पाण्याचे काम दगडाचे कण मोकळे ठेवणे आणि निघालेली धातूची भुकटी वाहून नेणे, तेलाचेही तेच. सच्छिद्र दगड आधी पाण्यात दहा-पंधरा मिनिटे, बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवावा. एकदा तेल पाजलेला दगड मात्र पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच ठरवा. तेलच वापरायचे तर शिलाई यंत्राचे. गोडेतेल किंवा खोबरेल घालू नका. खाद्यतेल कालांतराने चिकट होऊन दगडाची भोके बुजवते.

दगडाऐवजी कागद

रंगाऱ्यांच्या दुकानातला वॉटर पेपर हे सगळ्यांत दुर्लक्षित साधन आहे. काळ्या रंगाचा हा घासकागदही सिलिकॉन कार्बाइडचाच असतो आणि पंधरा-वीस रुपयांना एक ताव मिळतो. सपाट फरशीच्या तुकड्यावर किंवा जाड काचेवर पाणी शिंपडून कागद पसरला की तो जागेवर चिकटून बसतो. झाला बारीक दगड तयार. ४००, १०००, १५०० असे तीन ताव आणले तर नंबर बदलल्याने धारेत काय फरक पडतो, हे पन्नास-साठ रुपयांत स्वतःच पाहता येते. एक पथ्य आहे: कागदावर सुरी नेहमी पाठीच्या दिशेने ओढायची. धार पुढे करून ढकलली तर ती कागदच कापते. कागद लवकर झिजतो, हा त्याचा दोष. रोजच्या वापराला दगडच परवडतो.

कार्बोरंडमच्या विटेचा खळगा काढायलाही हाच कामी येतो. काचेवर भरड कागद ठेवून, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून, त्या पुसल्या जाईपर्यंत दगड घासायचा.

नंबरांचा घोळ

इथे बरेच जण फसतात. दगडावरचा १००० आणि कागदावरचा १००० एकच नव्हेत. नंबर म्हणजे कणांची बारकाई, पण ती मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. जपानी मापात १००० नंबरचा कण सुमारे ११.५ मायक्रॉनचा असतो. युरोपीय मापात, म्हणजे ज्या कागदावर आकड्याआधी ‘पी’ छापलेले असते त्यावर, १००० म्हणजे सुमारे १८ मायक्रॉन. पी २००० चा कण दहा मायक्रॉनच्या जरा वर. म्हणजे पी २००० चा कागद जपानी १००० च्या दगडाहून किंचितच बारीक. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या दगडांवर ‘३०००/८०००’ लिहिलेले असते त्याला तर कोणतेच माप नसते. असे दगड वाईटच असतात असे नाही, पण खोक्यावरच्या आकड्यापेक्षा बोटाला काय लागते आणि पात्यावर ओरखडे कसे उठतात, यावर विसंबणे बरे.

हिऱ्याची पट्टी

पोलादी पट्टीवर निकेलच्या थरात हिऱ्याचे कण बसवलेले असतात. स्वस्तातल्या पट्ट्या आता तीन-चारशे रुपयांत मिळतात. त्या झरझर कापतात, त्यांना खळगा पडत नाही, भिजवत बसावे लागत नाही. मात्र नव्या पट्टीचे काही कण उंच बसलेले असतात आणि ते खोल चरे पाडतात. काही वेळा वापरल्यावर ती शांत होते. तिच्यावर जोर देऊ नये, नाहीतर कण निकेलमधून उपटून निघतात. दगड भिजवण्याचा कंटाळा असणाऱ्यासाठी ४०० च्या आसपासची एक हिरापट्टी हा विटेला चांगला पर्याय आहे. सोळाशे-दोन हजार नंबर लिहिलेल्या स्वस्त पट्ट्या मात्र घेऊ नयेत. तेवढे बारीक काम त्या क्वचितच नेटके करतात.

कोन

स्वयंपाकघरातल्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन पुरतो. कोनमापक लागत नाही. पात्याच्या रुंदीच्या पाव भाग उंचीवर सुरीची पाठ उचलली की साधारण १५ अंश होतात, एक तृतीयांश उचलली की २० अंश. म्हणजे चार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून एक ते सव्वा सेंटिमीटर वर, आणि दोन सेंटिमीटरच्या छोट्या सुरीची अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. कोन एकाच अंशाला बांधलेला नसला तरी चालतो, पण हात दर खेपेला वरखाली झाला तर रेषा गोल होते. धारेच्या उतारावर मार्कर पेनाने काळी रेघ ओढा आणि दोन-तीनदा दगडावर फिरवून पाहा. शाई फक्त वरच्या बाजूने गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेपाशी गेली तर फार वर. कोन धरून देणारा सांगाडा विकत घेण्याआधी हा प्रयोग जरूर करावा. बहुतेकांना मग सांगाडा लागत नाही.

कड: सगळ्यांत महत्त्वाची खूण

आता ज्या एका गोष्टीवर सगळे अवलंबून आहे तिच्याकडे येऊ. दगडावर एका बाजूने घासत राहिले की धातू कमी होत होत उतार थेट धारेपर्यंत पोचतो, आणि तिथे अतिशय पातळ झालेला धातू दुसऱ्या बाजूला उलटतो. वर्कशॉपमधले कामगार त्याला बर म्हणतात. ही उलटलेली कड डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण बोटाला लागते. अंगठा पात्याच्या सपाट भागावरून धारेच्या बाहेरच्या दिशेला, म्हणजे धारेवरून नव्हे तर धारेपासून दूर, हलकेच सरकवला की शेवटी काहीतरी अडकल्यासारखे वाटते. कापसाचा बोळा फिरवला तर त्याचे तंतू अडकतात.

कड आली म्हणजे त्या बाजूचे काम झाले. कड आली नाही, तर कितीही वेळ घासलेले असो, सुरी बोथटच आहे. नवशिक्यांची बहुतेक निराशा इथेच उगम पावते. ते प्रत्येक बाजूने वीस-वीस हात मोजून मारतात, कड तपासत नाहीत, पुढच्या बारीक दगडावर जातात, आणि मग दगडाला नावे ठेवतात. हात मोजू नका. टाचेपासून टोकापर्यंत संपूर्ण लांबीला कड लागेपर्यंत एकच बाजू घासा. टोकाकडे पाते वळते तिथे मूठ जराशी उचलावी लागते. तिथली कड बहुधा सर्वांत उशिरा येते. मग सुरी उलटी करा आणि दुसऱ्या बाजूने तेच करा. कड आता पहिल्या बाजूला उलटेल.

जोर किती द्यायचा, हे शिकवायला स्वयंपाकघरातला वजनकाटा कामी येतो. दगड काट्यावर ठेवून दाबून पाहा. सुरुवातीला किलोभराचा दाब ठीक आहे. दोन्ही बाजूंना कड आल्यावर तो कमी करत शे-दोनशे ग्रॅमपर्यंत उतरवायचा आणि दर हाताला बाजू बदलायची. असे केल्याने कड लहान होत जाते. तिला पूर्ण नाहीशी करणे हे सगळ्यांत अवघड काम. उरलेली कड फसवी असते. कागद सुरेख कापते, हातावरचे केसही उडवते, आणि मग दोन कांदे चिरताच मोडून पडते. ‘काल धार लावली, आज गेली’ ही तक्रार ऐकली की समजावे, ती धार नव्हतीच, कड होती.

चामड्याचा पट्टा

ही उरलेली कड काढण्यासाठी पट्टा. जुन्या सलूनमध्ये खुर्चीशेजारी चामड्याचा पट्टा टांगलेला असे आणि वस्तरा त्यावर सपासप फिरे. एकदा वापरून फेकायची ब्लेड आली आणि पट्टे उतरले. सुरीसाठी टांगता पट्टा नको, कारण तो मध्ये झोळतो आणि धार गोल करतो. लाकडी फळीवर चिकटवलेला सपाट पट्टा घ्यावा.

नुसते चामडे पुरते का, यावर लोक हिरिरीने भांडतात. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन व्हरहोवेन यांनी २००४ मध्ये हा प्रश्न इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेला. त्यांनी निरनिराळ्या दगडांवर लावलेल्या धारांची छायाचित्रे घेतली, कोऱ्या चामड्यावर घासून घेतली, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्यावर घासून घेतली. कोऱ्या चामड्याने फारसा फरक पडला नाही. क्रोमियम ऑक्साइडच्या पट्ट्याने मात्र कड जवळपास निघून गेली आणि धार स्पष्टपणे अरुंद झाली. तेव्हा वडीवरचे पैसे वाचवू नयेत. वाचवायचेच तर चामड्यावरचे वाचवावेत.

कारण तयार पट्ट्याला पाचशे ते दीड हजार पडतात आणि त्यात मुख्य किंमत नक्षीकामाची असते. आपल्याकडे याहून चांगले चामडे सहज मिळते. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असे वनस्पतीने कमावलेले, घट्ट, न दबणारे चामडे पट्ट्याला हवे असते. कोल्हापुरात, मुंबईत धारावीत, किंवा कुठल्याही चपला करणाऱ्या कारागिराकडे कापून उरलेली पट्टी मागितली तर पन्नास-शंभर रुपयांत मिळून जाते. दोन इंच रुंद, आठ-दहा इंच लांब आणि दोन-तीन मिलिमीटर जाड पुरे. जॅकेट-पर्सचे लुसलुशीत चामडे घेऊ नका. ते सुरीखाली दबते आणि हात उचलताना धारेभोवती वर येऊन तिला पुन्हा गोल करते. जुना पँटचा पट्टा चालेल, पण आधी तो खरोखर चामड्याचा आहे का ते कापून बघा. बरेचसे रेक्झिन निघतात. चामडे नकोच असेल तर जीन्सचे जाड कापड फळीवर ताणून चिकटवा. तेही काम करते, वडी मात्र हवीच.

वडी म्हणजे धातूला चकाकी आणायला वापरतात ती हिरवी पॉलिशची कांडी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीच्या बाजूला, बफिंगचे सामान विकणाऱ्याकडे ती मिळते. अख्खी कांडी मोठी येते, घरगुती वापराला वर्षानुवर्षे पुरते. दोघा-तिघांनी वाटून घ्यावी. हिरवा रंग क्रोमियम ऑक्साइडचा, पण स्वस्त वड्यांत कुरुंदही मिसळलेले असते. त्याने आपले बिघडत नाही. लाल आणि पांढऱ्या वड्याही असतात. लाल वडी मुख्यतः सोन्या-चांदीच्या पॉलिशसाठी, सुरीला फार मवाळ. इंजेक्शनच्या नळीतली हिऱ्याची पेस्ट मोल्ड घासणाऱ्यांच्या दुकानात मिळते. ती जास्त झपाट्याने कापते, पण पहिल्या पट्ट्याला तिची गरज नाही.

चामड्याला वडी खडूसारखी हलक्या हाताने फासा. बसत नसेल तर चामडे केस वाळवण्याच्या यंत्राने किंचित कोमट करा. थर दिसायला हवा, ढेकळे नकोत. सुरी नेहमी पाठ पुढे, धार मागे अशी ओढायची. उलटी गेली की पट्टा चिरला. कोन दगडावर होता तोच, किंवा केसभर कमी. शेवटी मनगट वर उचलून हिसका द्यायची सवय लागते, ती मोडा. हात थांबवून मग सुरी उचला. दाब सुरीच्या वजनाहून थोडाच जास्त. प्रत्येक बाजूने आठ-दहा वेळा, आलटून पालटून. त्याहून जास्त केल्याने धार वाढत नाही, गोल होते. मग सुरी धुवा आणि वर्तमानपत्राचा एक थर हवेत धरून कापून पाहा. कुठे अडली तर तिथे कड उरली आहे.

ओढण्याची यंत्रे आणि सळई

‘व्ही’ आकाराच्या खाचेतून सुरी ओढायची प्लास्टिकची यंत्रे दीड-दोनशेपासून मिळतात. त्यातली टंगस्टन कार्बाइडची पाती धार लावत नाहीत, धातू खरवडून काढतात. सुरी लगेच कापू लागते, म्हणून लोक खूश होतात. पण धार करवतीसारखी फाटलेली असते, आठवड्यात जाते, आणि वर्ष-दोन वर्षांत सुरीचे पोट आत गेलेले दिसते. ज्याला दगडाला हात लावायचाच नाही त्याने सिरॅमिकच्या चकत्यांचे यंत्र घ्यावे आणि स्वस्त सुरीपुरते वापरावे. कार्बाइडचे यंत्र चांगल्या सुरीजवळ नेऊ नये.

हॉटेलातले आचारी वापरतात ती पोलादी सळई मऊ स्टेनलेस सुरीची वळलेली धार सरळ करते. उपयोगी आहे, पण पट्टा असताना घरी तिची निकड नाही. जपानी सुरीला दातेरी सळई लावू नका, टवके उडतील.

विळी, कात्री आणि धारवाला

विळीचे पाते पाटाला जखडलेले, वर वाकदार. ते दगडावर नेता येत नाही, दगड त्याच्याकडे न्यावा लागतो. इथे छोटा तुकडा किंवा हिरापट्टी सोयीची. पाट पायाने घट्ट दाबून, पाठीकडून धारेकडे न जाता धारेच्या लांबीला तिरका दगड फिरवायचा, बोटे धारेच्या रेषेपेक्षा नेहमी खाली. वळणावर हळू. कड आली की दुसरी बाजू. पट्ट्याचे काम इथे फळीवर चिकटवलेल्या चामड्याच्या अरुंद कांडीने होते. नारळ खवायच्या फुलाला हात लावू नका, त्याचे दाते कानसीने घासावे लागतात.

कात्रीचा मामला निराळा. तिची पाती आतून किंचित पोकळ असतात आणि एकमेकांना फक्त एका बिंदूवर चाटत जातात. आतली बाजू दगडावर सपाट घासली की कात्री कायमची बिघडते. शिंप्याची मोठी कात्री किंवा अडकित्ता धारवाल्याकडेच द्यावा. मात्र त्याचे चाक वेगाने फिरते आणि पातळ पाते चटकन तापते. धारेवर निळसर छटा आली तर तिथले तापमान तीनशे अंशांच्या आसपास पोचले आणि पोलादाचा कडकपणा गेला. म्हणून पाते मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा, चाकावर दाबून धरू नको म्हणा. ज्याच्याकडे पाण्याचा डबा आहे त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.